सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही: पार्ट बदलण्याआधी दोष कसा शोधायचा

चावी फिरवली की सेल्फ नेहमीसारखा फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. मग ठरलेला क्रम सुरू होतो. शेजारच्या गाडीची बॅटरी जोडून बघतात. चार जण मिळून धक्का मारतात. मेकॅनिक येतो, प्लग बदलतो, दुसऱ्या दिवशी कॉइल (प्लगला करंट देणारा भाग) बदलतो, आणि तरीही नाहीच झाली तर टाकी उतरवून पंप बदलतो. एवढा खर्च झाल्यावर सापडतं काय, तर उडालेला फ्यूज किंवा उंदराने तोडलेली एक वायर.

धक्का मारण्याला तर इथे अर्थच नाही. सेल्फ इंजिन फिरवतोच आहे, धक्क्यानेही ते फक्त फिरणारच. उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साठतं, आणि इंजिन मध्येच पकडलं तर ते तिथे पेटून कन्व्हर्टर वितळू शकतो. पंपापेक्षा तो कितीतरी महाग.

पेट्रोल इंजिनाला सुरू व्हायला पेट्रोल लागतं, प्लगला करंट लागतो, सिलिंडरमध्ये दाब लागतो, आणि हे सगळं योग्य क्षणी जुळून यावं लागतं. यातलं नेमकं काय नाही, हे ठरेपर्यंत एकही पार्ट विकत आणू नका. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच आहे: आधी डोळे, कान, नाक, मग मल्टिमीटर, मग स्कॅनर, आणि इंजिन उघडायची वेळ आलीच तर सगळ्यात शेवटी. हे टप्पे इंजेक्शनच्या पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहेत. डिझेलचं वेगळं असतं, ते शेवटी दिलं आहे.

## तयारी

साहित्य फार लागत नाही. एक डिजिटल मल्टिमीटर, चांगली बॅटरी (टॉर्च), १० नंबरचा पाना, प्लग पाना, फ्यूज काढायचा चिमटा, आणि गाडीत आहेत त्या त्या अँपिअरचे एक-दोन जादा फ्यूज. ब्लूटूथवर चालणारा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या सॉकेटला लावून दोषाचे कोड मोबाइलवर दाखवणारा छोटा स्कॅनर) असेल तर अर्धं काम सोपं होतं. गाडीचं मॅन्युअल जवळ ठेवा, कारण कुठला फ्यूज कशाचा हे त्यातच मिळतं. गाडीची दुसरी चावीही घरातून काढून आणा, ती दुसऱ्याच टप्प्यात लागणार आहे.

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा. एक माणूस चावीवर आणि एक बोनेटजवळ, अशी दोन माणसं लागतात. चावीवरच्या माणसाने विचारल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. अग्निशामक हाताशी असू द्या. गाडी महामार्गावर बंद पडली असेल तर आधी ती कडेला घ्या, रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे लांब ठेवा, माणसांना रस्त्यापासून दूर उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते. तिथे बोनेट उघडून तासभर शोधाशोध करण्यापेक्षा टोचन करून गाडी सुरक्षित जागी नेणं बरं.

इशारा: सेल्फ एका वेळी पाच ते दहा सेकंदच मारा आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. सलग मारत राहिलात तर स्टार्टर मोटर तापून जळते, बॅटरी उतरते, आणि एका दोषाचे तीन दोष होतात.

इशारा: गाडी पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर सेल्फ अजिबात मारू नका, एकदासुद्धा नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याने भरलेलं इंजिन फिरवल्याने झालेलं नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच घ्यावं लागतं. अशी गाडी टोचन करूनच न्या. पुढचे टप्पे तिच्यासाठी नाहीत.

## १. आधी विचारा, मग ऐका

बोनेट उघडण्याआधी चालकाला तीन गोष्टी विचारा. गाडी चालता चालता बंद पडली की रात्री उभी केलेली सकाळी सुरू झाली नाही? त्या वेळी इंजिन गरम होतं की थंड? आणि गेल्या आठवड्यात गाडीवर काय काम झालं?

तिसऱ्या प्रश्नाला लोक "काहीच नाही" असं उत्तर देतात, म्हणून खोदून विचारा. इंजिन पाण्याने धुतलं का, म्युझिक सिस्टम किंवा फॉग लॅम्प बसवला का, जीपीएस ट्रॅकर लावला का, बॅटरी बदलली का, गाडी किती दिवस उभी होती. काम झाल्यावर दोन दिवसांत दोष आला असेल तर पहिला संशय त्या कामावर घ्यायचा. टॅक्सी आणि कर्जावरच्या व्यावसायिक गाड्यांत तर ट्रॅकरसोबत पेट्रोल पंपाची वायर तोडून मध्ये रिले (विजेने चालणारा स्विच) बसवलेला असतो. तो रिले किंवा त्याचा टेपने गुंडाळलेला जोड गेला की पंप बंद, आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता एकदा सेल्फ मारा आणि नुसता आवाज ऐका. कोणी बोलू नका.

आवाज मंद, ओढत असल्यासारखा असेल तर बॅटरी किंवा तिची जोडणी बघा. नेहमीच्या लयीत, प्रत्येक सिलिंडर दाबला जातोय असा ठोक्याठोक्याने येत असेल तर पुढच्या टप्प्याला जा. आणि इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर, एकसुरी फिरत असेल, ठोके ऐकूच येत नसतील, तर तिथेच थांबा. सिलिंडरमध्ये दाब होत नाही आहे, बहुधा टायमिंग बेल्ट तुटला आहे किंवा चेन सरकली आहे. बऱ्याच इंजिनांत अशा वेळी पिस्टन वाल्ववर आदळतो, त्यामुळे प्रत्येक सेल्फला नुकसान वाढतं. थेट टप्पा ७ वाचा.

## २. चावी ऑन करा आणि डॅशबोर्ड वाचा

पैसे न लागणारा आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा हाच. सेल्फ न मारता चावी फक्त ऑन करा.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे. इंजिन बंद असताना तो लागणं हे दोषाचं लक्षण नाही, ते ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जागा असल्याचं लक्षण आहे. तो लागतच नसेल तर ईसीयूला वीजच मिळत नाही असं धरा (बल्ब गेला असण्याची शक्यता कमी). मग इंजिनचा मेन फ्यूज, मेन रिले आणि ईसीयूचं अर्थिंग एवढंच तपासायचं. प्लग आणि पंप यांना हातही लावायचा नाही, कारण त्यांना हुकूम देणाराच झोपलेला आहे.

नंतर इमोबिलायझरचा (चोरी रोखायला चावीतली चिप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा बघा. चावीचं किंवा कुलूप लावलेल्या गाडीचं चित्र असतं. चावी ऑन केल्यावर तो लागून विझला तर ठीक. लुकलुकत राहिला तर गाडीने चावी ओळखलेली नाही. अनेक गाड्यांत अशा वेळी सेल्फ फिरू दिला जातो, पण पेट्रोल किंवा करंट तोडलेला असतो, आणि माणूस दिवसभर इंजिनमध्ये दोष शोधत बसतो. दुसरी चावी लावून बघा. चावीच्या जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती काढून ठेवा. बटण स्टार्टच्या गाडीत रिमोटचा सेल उतरला असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी, बहुतेक वेळा स्टार्ट बटणालाच, रिमोट टेकवून प्रयत्न करा.

सीएनजी गाडी असेल तर गॅस भरायच्या तोंडाचं झाकण नीट लागलंय का बघा. कंपनीने बसवलेल्या अनेक सीएनजी गाड्यांत तिथे एक मायक्रोस्विच असतो. झाकण उघडं राहिलं किंवा तो स्विच मातीने अडकला तर गाडी सुरूच होत नाही. पंपावरून निघताना गाडी सुरू झाली नाही की आधी हेच बघायचं.

तपासणी: चेक इंजिनचा दिवा लागतो आणि इमोबिलायझरचा विझतो, या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ३. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज मोजा

"सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी चांगली" हे अर्धंच खरं आहे. सेल्फ फिरवताना व्होल्टेज इतका खाली येऊ शकतो की मोटर कशीबशी फिरते, पण ईसीयू, कॉइल आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) नीट काम करत नाहीत.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर लावा. गाडी काही तास उभी असेल तर भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. ९.६ च्या खाली गेला तर आधी बॅटरी चार्ज करा, पुढची कुठलीही तपासणी भरवशाची राहणार नाही.

प्रोब टर्मिनलच्या क्लिपवर लावू नका, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर लावा. मग एकदा क्लिपवर लावून बघा. सेल्फ मारताना दोन्हींत अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तर टर्मिनलवर पांढरा क्षार चढला आहे. तो गरम पाण्याने धुऊन, घासून, कोरडा करून टर्मिनल आवळा. तसंच निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनचा कोरा धातू यांच्यामध्ये मीटर लावून सेल्फ मारा. तिथे पाव ते अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थिंगची पट्टी सैल किंवा गंजलेली आहे. कोकणातल्या खाऱ्या हवेत ही पट्टी आतून कुजते आणि वरून चांगली दिसते.

## ४. पेट्रोल पोचतंय का

मागच्या सीटवर एकाला बसवा, पंखा आणि म्युझिक बंद करा, आणि चावी ऑन करा. सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे, मग ती थांबते. तो पंप लाइनमध्ये दाब भरतो आहे. काही गाड्यांत पंप सेल्फ मारल्यावरच चालतो, म्हणून आवाज आला नाही तर सेल्फ मारतानाही ऐका.

पंप गप्प असेल तरी पंप गेला असं लगेच म्हणू नका. क्रम असा:

1. पंपाचा फ्यूज. नुसता बघून ठरवू नका, केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात. वीज चालू असताना दोन्हींवर १२ व्होल्ट मिळाले तर फ्यूज शाबूत.
2. पंपाचा रिले. फ्यूज बॉक्समध्ये तोच नंबर छापलेला दुसरा रिले असतो, बहुतेकदा हॉर्नचा किंवा एसीचा. दोघांची अदलाबदल करून बघा. नंबर तंतोतंत जुळला पाहिजे.
3. इनर्शिया स्विच. काही गाड्यांत धडक बसल्यावर पेट्रोल तोडणारा स्विच असतो, आणि मोठ्या खड्ड्यात आदळल्यावरही तो उडतो. मॅन्युअलमधून जागा शोधा आणि बटण दाबून परत बसवा. मात्र गाडी खरोखरच कुठे ठोकली असेल तर आधी खाली वाकून पेट्रोल गळत नाही ना हे बघा.
4. पंपाच्या जोडावरची वीज. चावी ऑन केल्यावरच्या दोन सेकंदांत पंपाच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात आणि अर्थिंगही चांगलं आहे, तरी पंप गप्प आहे, असं दिसलं तर आता पंप गेला म्हणा. वीज येतच नसेल तर दोष त्याच्या आधी आहे.

इशारा: उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या अँपिअरचा फ्यूज, वायरची तार किंवा सिगारेटची चांदी कधीही घालू नका. नवा फ्यूज लगेच उडाला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. ती शोधल्याशिवाय तिसरा फ्यूज घालायचा नाही.

पंप चालतो पण गाडी पकडत नाही, तेव्हा टाकीत काय आहे हा प्रश्न येतो. गेज खोटं बोलू शकतं, त्यामुळे चार-पाच लिटर पेट्रोल ओतून बघणं कधीच वाया जात नाही. सीएनजी गाड्यांच्या मालकांना हे विशेष कळकळीने सांगायचं आहे. बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन थोड्या वेळाने गॅसवर जातात (काही नव्या गाड्या थेट गॅसवर सुरू होतात, त्या वेगळ्या). पण पैसे वाचवायला म्हणून पेट्रोल महिनोन्‌महिने तळाला ठेवलं जातं. पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलमध्ये बुडलेला राहूनच थंड राहतो. तो कोरडा चालला की जळतो, आणि जुनं पेट्रोल चिकट होऊन इंजेक्टर धरतात. सीएनजी गाडी सुरू होत नसेल तर पहिला संशय नेहमी पेट्रोलच्या बाजूवर घ्या.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि टाकीच्या तळाशी बसतो. पंप नेमका तिथूनच ओढतो. दोन-तीन महिने उभी राहिलेली गाडी किंवा टाकीचं झाकण सैल असलेली गाडी असेल तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करण्याशिवाय उपाय नाही.

दाब मोजायचा गेज मेकॅनिककडे असेल तर तो जरूर लावून घ्या. साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत साधारण ३ ते ४ बार दाब अपेक्षित असतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा घ्यायचा. पंप वाजतो म्हणजे दाब आहे असं नाही, फिल्टर चोंदलेला असला तरी पंप वाजतोच.

इशारा: पेट्रोलची लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून दोन-तीनदा सेल्फ मारा, म्हणजे आतला दाब उतरतो. इंजिन गरम असताना लाइन उघडायची नाही.

## ५. प्लग काढून वाचा

पाच सेकंदांचे दोन-तीन सेल्फ मारल्यावर सायलेन्सरच्या तोंडाशी वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला तर पेट्रोल जातंय पण पेटत नाही. वास नसेलच तर पेट्रोल पोचत नाही. हा अंदाज प्लग काढून पक्का करायचा असतो.

इंजिन थंड असू द्या. ॲल्युमिनिअमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढला तर आटे निघून येतात. आधी कॉइलभोवतीची माती फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्लग ज्या सिलिंडरचा त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा.

कोरडा, स्वच्छ प्लग म्हणजे पेट्रोल येत नाही. टप्पा ४ परत बघा, आणि तिथे सगळं ठीक असेल तर इंजेक्टरला ईसीयूकडून इशारा येतो का ते नॉइड लाइटने (इंजेक्टरच्या कनेक्टरला लावायचा छोटा तपासणी दिवा) तपासा. साधा बल्बचा टेस्ट लॅम्प तिथे लावू नका, तो जास्त करंट ओढून ईसीयूचा ड्रायव्हर जाळू शकतो.

सगळे प्लग ओले आणि पेट्रोलचा वास असेल तर दोन शक्यता: करंट नाही, किंवा इंजिन फ्लड झालं आहे (सिलिंडरमध्ये जास्तीचं पेट्रोल साचलं आहे). फ्लड होण्याचं नेहमीचं कारण असं की पार्किंगमध्ये गाडी दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली, इंजिन गरमच झालं नाही. यावर उपाय फुकट आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून धरा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत यामुळे ईसीयू इंजेक्टर बंद करतो आणि सिलिंडर हवेने कोरडे होतात. इंजिन पकडायला लागलं की पाय सोडा. लोक उलटंच करतात, पाय मारत मारत सेल्फ देतात. ती कार्बोरेटरच्या काळातली सवय आहे, इथे तिचा उपयोग नाही.

एकच प्लग ओला आणि बाकीचे कोरडे-जळलेले असतील तर दोष त्या एका सिलिंडरचा आहे, आणि चार सिलिंडरची गाडी तेवढ्यावर अजिबात सुरू होत नाही असं सहसा होत नाही. दुसरं कारण शोधा.

करंट बघायला स्पार्क टेस्टर वापरा, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. कॉइलला टेस्टर जोडा, त्याची क्लिप इंजिनच्या कोऱ्या धातूला लावा, सेल्फ मारा. कडक, निळसर ठिणगी आली तर करंट आहे. पिवळी, लुळी ठिणगी असेल तर कॉइल, अर्थिंग किंवा कमी व्होल्टेज.

इशारा: कॉइल किंवा प्लगची वायर हातात धरून करंट बघायचा नाही. प्लग काढून ठेवलेल्या भोकांजवळ ठिणगी पाडायची नाही, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जात असते, म्हणून पंपाचा फ्यूज आधी काढा. सीएनजीचा वास येत असेल तर सिलिंडरचा मॅन्युअल वाल्व बंद करा, गाडी मोकळ्या हवेत ढकला, आणि ही तपासणी करूच नका.

एकाही कॉइलला करंट नसेल तर सगळ्या कॉइल एकदम गेल्या असं मानू नका. सगळ्यांना समान असलेली गोष्ट शोधा: कॉइलचा फ्यूज, अर्थिंग, किंवा क्रँक सेन्सर (टप्पा ६). इथे हातात टॉर्च घेऊन वायरिंग बोटाने चाचपत जा. उभ्या गाडीत उंदीर बोनेटखाली, एअर फिल्टरच्या डब्यातसुद्धा घर करतात, आणि वायरचं कव्हर कुरतडतात. लेंड्या, कापडाच्या चिंध्या, दाण्याची टरफलं दिसली तर त्या भागातली प्रत्येक वायर बघा. एअर फिल्टरचा डबा उघडून आतही नजर टाका.

प्लग परत बसवताना पहिले आटे हाताने फिरवा, पाना नंतर. तिरका बसलेला प्लग पान्याने आवळला की हेडचा आटा गेला.

## ६. क्रँक सेन्सर आणि स्कॅनर

पेट्रोलही नाही आणि करंटही नाही, असं एकाच वेळी दिसलं तर माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर असतो. इंजिन फिरतंय हे ईसीयूला हाच सेन्सर सांगतो. तो गप्प बसला तर ईसीयूच्या मते इंजिन उभंच आहे, मग तो ना पंप चालू ठेवतो, ना इंजेक्टर उघडतो, ना कॉइल पेटवतो.

ओबीडी अडॅप्टर लावा आणि सेल्फ मारताना आरपीएमचा आकडा बघा. २०० च्या आसपास काहीतरी दिसलं पाहिजे. इंजिन फिरत असूनही शून्यच राहिलं तर सेन्सर, त्याची वायर किंवा कनेक्टर. पी ०३३५ हा कोड क्रँक सेन्सरचा, पी ०३४० कॅम सेन्सरचा. पण कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, तुटलेल्या वायरलाही तोच कोड येतो. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर तुम्हाला शोधायचं असतं. कनेक्टर काढा, पिना हिरव्या पडल्या आहेत का बघा. तीन वायरच्या सेन्सरला ईसीयूकडून ५ किंवा १२ व्होल्ट येतात का मोजा. त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, ती पद्धत दोन वायरच्या सेन्सरची.

गाडी गरम झाल्यावर बंद पडते, अर्धा तास थांबल्यावर काहीच न झाल्यासारखी सुरू होते, असं होत असेल तर क्रँक सेन्सर तापल्यावर मरतोय ही शक्यता मोठी आहे. अशी गाडी गॅरेजमध्ये पोचेपर्यंत थंड होते आणि "काही दोष नाही" म्हणून परत येते. म्हणून अडॅप्टर गाडीतच ठेवा आणि बंद पडेल त्या क्षणी आरपीएम बघा.

स्कॅनर लावलाच आहे तर इंजिनच्या पाण्याचं तापमानही वाचा. रात्रभर उभ्या गाडीत ते बाहेरच्या हवेइतकंच हवं. उणे ४० दिसलं तर त्या सेन्सरचं सर्किट तुटलं आहे. ईसीयूला हिमालय वाटतोय आणि तो भसाभस पेट्रोल ओततोय, प्लग ओले होण्याचं कारण तेच.

कोड वाचून झाल्यावर लगेच पुसू नका. आधी लिहून ठेवा.

## ७. दाब आणि टायमिंग

पेट्रोल आहे, करंट आहे, आरपीएम दिसतो, तरी पकडत नाही. मग सायलेन्सर चोंदलेला नाही ना ते बघा (सेल्फ मारताना तोंडाशी हात धरला तर हवेचे ठोके लागले पाहिजेत), आणि नंतर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळे प्लग काढून, पंप आणि कॉइलचे फ्यूज काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. चांगल्या पेट्रोल इंजिनात तो साधारण १० बारच्या वर असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. सगळेच एकसारखे कमी आले तर टायमिंग सरकलं आहे असं समजा आणि बेल्ट किंवा चेनचं कव्हर उघडून खुणा जुळवून बघायला सांगा. हे रस्त्याच्या कडेला करायचं काम नाही.

## डिझेल गाडी असेल तर

डिझेलला प्लगचा करंट लागत नाही, त्यामुळे प्रश्न दोनच: डिझेल पोचतंय का, आणि पेटायला पुरेशी उष्णता आहे का. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल जातंय पण पेटत नाही. थंडीच्या सकाळी हीटर प्लग किंवा त्यांचा रिले बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही.

डिझेल संपून गाडी बंद पडली, किंवा फिल्टर बदलल्यावर सुरू होत नाही, तर लाइनने हवा घेतली आहे. फिल्टरजवळचा हँड पंप कडक होईपर्यंत मारा, मगच सेल्फ. हवा काढल्याशिवाय सेल्फ मारत राहणं म्हणजे उच्च दाबाचा पंप कोरडा फिरवणं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणीही काढून टाका. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत चावी ऑन केल्यावर स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल सोडणारा-तोडणारा विजेचा वाल्व) टक् आवाज येतो. तो नसेल तर सोलेनॉइडची वायर बघा. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) स्कॅनरवर रेलचा दाब वाचा. सेल्फ मारताना तो साधारण २०० बारच्या वर गेल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत. ॲडब्लू (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचा द्रव) लागणाऱ्या बीएस ६ गाड्यांत ते संपलं की गाडी पुन्हा सुरू होऊ देत नाही. डॅशबोर्डवर तसा संदेश असतो, तो वाचा.

इशारा: कॉमन रेलचा नट सैल करून "डिझेल येतंय का" बघायची जुनी पद्धत इथे जिवावर बेतते. तो फवारा कातडी भेदून आत जातो. आणि हीटर प्लगच्या गाडीत हवेच्या नळीत इथरचा स्प्रे मारू नका, तो तापलेल्या हीटरवर नको त्या क्षणी पेटतो आणि पिस्टन फुटतो.

डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल भरलं असेल तर चावी ऑनसुद्धा करू नका. टाकी रिकामी करा.

## गाडी सुरू झाल्यावर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि सेल्फ मारून बघा. दोन पार्ट एकदम बदलले तर दोष कुणात होता ते कधीच कळत नाही. मेकॅनिककडून जुना पार्ट मागून घ्या.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, बंद करा, दहा मिनिटांनी परत सुरू करा. सेन्सरचा दोष असेल तर तो इथे डोकं वर काढतो. मग कोड पुसा, एक फेरी मारून परत वाचा. पुढचे तीन-चार दिवस सकाळी थंड इंजिन पहिल्याच सेल्फला पकडतं का तेही बघा. उशीर लागत असेल तर चावी दोनदा ऑन-ऑफ करून, पंपाला दाब भरू देऊन मग सेल्फ मारा. असं केल्यावर लगेच पकडत असेल तर रात्रभरात लाइनचा दाब उतरतो आहे, म्हणजे पंपातला नॉन-रिटर्न वाल्व किंवा एखादा इंजेक्टर गळतो आहे, आणि गाडी पुन्हा बंद पडण्याआधी दाबाचा गेज लावून ते तपासून घ्यायला हवं.